‘चक्क क्लीव्हलंड!’ : प्रवासलेखांतलं आमचं शहर आणि इथल्या माणसांचं म्हणणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ओहायोमधल्या क्लीव्हलंडला येऊन मला वीस वर्षं होत आली. भारतातून शिकायला येणारी मुलं, लेकीकडे-सुनेकडे सहा महिने राहायला येणारे आईवडील, न्यू जर्सीतले मित्र, सगळे येण्याआधी इंटरनेटवर शहराबद्दल वाचतात आणि मग मला फोन करतात. प्रश्न तेच ते असतात, कारण सगळ्यांनी वाचलेले लेखही तेच ते असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

तिथल्या नदीला खरंच आग लागली होती का?

हो, लागली होती. तारीख २२ जून १९६९, वार रविवार. कायाहोगा नदीच्या पाण्यावर कारखान्यांतून आलेल्या तेलाचा जाड तवंग होता आणि त्यात लाकूडफाटा, कचरा अडकलेला होता. वरच्या पुलावरून जाणाऱ्या आगगाडीची ठिणगी त्यात पडली असावी, असं मानतात. अर्ध्या तासाच्या आत आग आटोक्यात आली. दोन रेल्वेपुलांचं मिळून पन्नास हजार डॉलरच्या आसपास नुकसान झालं. जीव कुणाचा गेला नाही.

गावातल्या वर्तमानपत्रांनी बातमी छोटीच दिली, कारण गावाला त्यात नवल नव्हतं. १८६८ पासून ही नदी डझनभर वेळा तरी पेटली होती. १९१२च्या आगीत पाच माणसं गेली. १९५२ची आग तर फारच मोठी होती, दहा लाख डॉलरहून जास्त नुकसान झालं होतं. तरी जगाला माहीत आहे ती १९६९चीच, सगळ्यांत किरकोळ म्हणावी अशी आग. असं का झालं, ते पुढच्या उत्तरात.

मग ज्वाळांनी वेढलेल्या बोटीचा तो प्रसिद्ध फोटो?

तो १९५२चा आहे. ‘टाइम’ साप्ताहिकाने १ ऑगस्ट १९६९च्या अंकात देशातल्या घाणेरड्या नद्यांवर लेख छापला आणि त्यात कायाहोगाच्या आगीबरोबर सतरा वर्षांपूर्वीचा फोटो लावला. १९६९च्या आगीत ज्वाळा असतानाचा फोटोच उपलब्ध नाही. छायाचित्रकार पोहोचेपर्यंत आग विझली होती. त्याच अंकात माणसाने चंद्रावर पाऊल ठेवल्याची बातमी होती आणि मुखपृष्ठावर एडवर्ड केनेडींचं अपघात प्रकरण होतं. त्यामुळे तो अंक घरोघरी गेला आणि त्याच्यासोबत आमची पेटलेली नदीही गेली.

इथल्या जुन्या माणसांना खुपतं ते फोटोपेक्षा जास्त काहीतरी आहे. आग लागायच्या आधी, नोव्हेंबर १९६८ मध्ये, क्लीव्हलंडच्या मतदारांनी नदी साफ करण्यासाठी दहा कोटी डॉलरचे रोखे काढायला मतदान करून मंजुरी दिली होती. म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे द्यायला गाव तयार झालं होतं. महापौर होते कार्ल स्टोक्स, अमेरिकेतल्या मोठ्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय निवडून आलेले महापौर. आगीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रकारांना नदीकाठाने फिरवलं आणि घाण नेमकी कुठून येते ते दाखवलं. नदी एकट्या शहराच्या हातात नव्हती. कारखान्यांना परवाने राज्य देत होतं आणि वरच्या बाजूच्या गावांचं सांडपाणीही तिच्यातच येत होतं. हे त्यांनी पुढे संसदेच्या समितीसमोरही मांडलं. १९७० मध्ये देशाची पर्यावरण संस्था उभी राहिली, १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा झाला, आणि या दोन्हींच्या इतिहासात कायाहोगाचं नाव येतं.

मी वाचलेल्या प्रवासलेखांपैकी बहुतेकांत आग आहे. मतदान एखाद्यातच सापडतं, आणि स्टोक्स तर त्याहून क्वचित.

आता नदीची स्थिती काय आहे?

खूप सुधारली आहे. एके काळी ॲक्रन ते क्लीव्हलंडच्या पट्ट्यात मासे जवळजवळ उरले नव्हते, आज साठहून अधिक जाती मोजल्या जातात. २०१९ मध्ये, आगीला पन्नास वर्षं होताना, इथले मासे ठरावीक प्रमाणात खायला हरकत नाही असं सरकारने जाहीर केलं. शाळा-कॉलेजची मुलं नदीत वल्हवण्याचा सराव करतात. वरच्या बाजूला कायाहोगा व्हॅली राष्ट्रीय उद्यान आहे. पण सगळं आलबेल आहे असं मी सांगणार नाही. जुन्या भागांत पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच नळातून जातं, आणि मोठा पाऊस झाला की ते नदीत आणि शहराला लागून असलेल्या ईरी तळ्यात उतरतं. त्यासाठी जमिनीखाली मोठाले बोगदे खणण्याचं, २५ वर्षांचं आणि तीन अब्ज डॉलरचं काम चालू आहे.

‘मिस्टेक ऑन द लेक’ म्हटलं तर लोक चिडतात का?

कोण म्हणतंय त्यावर आहे. फुटबॉलमध्ये इथला ब्राउन्स संघ हरल्यावर शेजारी स्वतःच म्हणतो. विमानतळावरून गाडीत बसलेला पाहुणा म्हणाला तर गाडीत शांतता पसरते.

‘तळ्याकाठची चूक’ हे नाव चिकटलं त्याला एकटी नदी कारण नाही. १९७२ मध्ये एका समारंभात महापौर राल्फ पर्क यांनी कात्रीऐवजी वेल्डिंगच्या ज्योतीने धातूची फीत कापली आणि ठिणगीने त्यांचे केस पेटले. १९७८च्या १५ डिसेंबरला शहर बँकांचं कर्ज फेडू शकलं नाही. महामंदीनंतर अशी वेळ आलेलं हे पहिलं मोठं अमेरिकन शहर. १९८६ मध्ये मदतनिधीसाठी भर चौकात सुमारे पंधरा लाख फुगे एकदम सोडले. वादळी हवेने ते खाली आले, रस्त्यांवर आणि तळ्यावर पसरले. त्याच वेळी तळ्यात दोन मच्छीमार हरवले होते, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या फुग्यांत माणसाचं डोकं ओळखू येईना म्हणून शोध अडला. दोघेही मृत सापडले. आजही हा किस्सा गमतीदार यादीत टाकणारे लेख मी वाचते तेव्हा मला फार वाईट वाटतं.

१९७८ मध्ये कर्ज थकलं, त्याचीही एक बाजू बाहेर कुणी सांगत नाही. शहराच्या मालकीची वीजकंपनी खासगी कंपनीला विका, मग कर्जाला मुदतवाढ मिळेल, असा दबाव होता. तिशीतल्या डेनिस कुसिनिच या महापौरांनी नकार दिला. दोन महिन्यांनी मतदारांनी कर वाढवून घेतला, पण वीजकंपनी विकायची नाही असा कौल दिला. ती कंपनी आजही शहराची आहे. तेव्हाच्या निर्णयावर आजही इथे दोन तट पडतात. त्या वादात शिरा, लोक जेवण थंड होऊ देतील पण बोलणं सोडणार नाहीत.

सगळे प्रवासलेख इतके एकसारखे का वाटतात?

कारण साचा एकच असतो. सुरुवातीला पेटलेली नदी. मग ‘पण आता चित्र बदललं आहे’. मग वेस्ट साइड मार्केट, ओहायो सिटी भागातल्या बिअर बनवणाऱ्या जागा, ईस्ट फोर्थ स्ट्रीटवरची जेवणाची हॉटेलं, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची काचेची इमारत, आणि शेवटी ‘पुनरागमन’ हा शब्द. माझ्याकडे अशा लेखांची एक फाइल आहे. लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी कात्रणं जमवायला घेतली होती, प्रकल्प संपला, फाइल चालू राहिली. त्यातले परिच्छेद एका लेखातून काढून दुसऱ्यात लावले तरी फरक कळणार नाही.

यात लेखकांचा वाईट हेतू असतो असं मला वाटत नाही. दोन रात्री, एक हॉटेल, हजारभर शब्द, एवढंच त्यांच्या हाती असतं. वीकेंडपुरत्या लेखांचं गणितच तासांवर चालतं. शुक्रवारी संध्याकाळी कुठे, शनिवारी नाश्ता कुठे, रविवारी दुपारी निघायच्या आधी काय. अशा वेळापत्रकात चालत गाठता येतील अशाच जागा बसतात. अनेक शहरांची पर्यटन कार्यालयं पत्रकारांना बोलावून त्यांची सोय करतात, आणि साहजिकच आपल्याला जे दाखवायचं तिथे नेतात. त्यात संपादकाला हवा असतो ‘नवा कोन’. न्यूयॉर्क सुंदर आहे हे कुणी छापणार नाही. क्लीव्हलंड सुंदर आहे हे छापता येतं, कारण ते वाचकाला अनपेक्षित वाटेल असं धरून चालतात.

मात्र हे ‘पुनरागमन’ किती वेळा व्हायचं? १९९०च्या दशकात, नवीन बेसबॉल मैदान आणि रॉक हॉल उभं राहिलं तेव्हा, याच शहराला ‘कमबॅक सिटी’ म्हणून झालं होतं. २०१४ मध्ये पुन्हा, २०१६ मध्ये पुन्हा, एप्रिल २०२४च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी पुन्हा. जे इथेच राहिले, ज्यांनी गिऱ्हाईक नसतानाही दुकान रोज उघडलं, त्यांना दर पाच-सात वर्षांनी ‘तुम्ही परत आलात’ असं सांगितलं जातं. ते कुठे गेलेच नव्हते.

पण लेखात तर कौतुकच असतं. मग राग कशाचा?

‘चक्क’चा.

इंग्रजी लेखांत एक शब्द हमखास येतो, ‘सरप्रायझिंगली’. सरप्रायझिंगली चांगलं जेवण, सरप्रायझिंगली सुंदर किनारा. मराठीत त्याला ‘चक्क’ हा नेमका शब्द आहे. ‘सुनेने चक्क पुरणपोळी केली’ असं कुणी म्हटलं, तर पोळीचं कौतुक होतं आणि सुनेला टोमणा बसतो. क्लीव्हलंडच्या वाट्याला पन्नास वर्षं हीच पुरणपोळी आली आहे.

वेस्ट साइड मार्केटमधला एक प्रसंग सांगते. १९१२ची पिवळसर विटांची ही इमारत, वर घड्याळाचा मनोरा, आत उंच कमानदार छत आणि खाली ओळीने मांडलेली दुकानं. मी शाकाहारी असल्यामुळे पिएरोगीच्या दुकानावर उभी होते. पिएरोगी म्हणजे बटाटा-चीज भरलेली पोलिश करंजी, उकडून मग लोण्यात परतायची. शेजारच्या दुकानावर एक पाहुणे जोडपं आलं, गळ्यात कॅमेरा. बाई खऱ्या आनंदाने म्हणाल्या, ‘क्लीव्हलंडमध्ये असं काही असेल याची मला कल्पनाच नव्हती!’ काउंटरमागचे गृहस्थ सत्तरीचे असतील. त्यांनी सॉसेज कागदावर ठेवलं, कागदाची एक बाजू दुमडली, दुसरी दुमडली, दोरा गुंडाळला, दाताने तोडला. मग म्हणाले, ‘एकोणीसशे बारापासून आहे, मॅडम.’ आणि सुटे पैसे मोजून दिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण ते जोडपं गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, तेव्हा हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल ते मला कळलं.

मी सोलापूरची. गिरण्यांचे भोंगे बंद होताना पाहिलेल्या घरातली. ‘सोलापूरला चक्क असं आहे?’ हे वाक्य मी पुण्या-मुंबईत ऐकलेलं आहे, त्यामुळे ती मान मला लगेच समजली.

स्थानिक लोक उत्तर कसं देतात?

चार-पाच तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा, अपमान उचलून स्वतःच्या अंगावर मिरवायचा. इथल्या ग्रेट लेक्स ब्रूइंग कंपनीची एक प्रसिद्ध बिअर आहे, तिचं नावच ‘बर्निंग रिव्हर’. सत्तरच्या दशकात टी-शर्ट निघाला होता, ‘क्लीव्हलंड : इथे राहायला कणखर असावं लागतं’ अशा अर्थाचा. तो आजही विकला जातो.

दुसरी, जाहिरातीने उत्तर द्यायचं. १९८१ मध्ये इथल्या वर्तमानपत्राने मोहीम काढली की न्यूयॉर्क मोठं सफरचंद असेल, पण क्लीव्हलंड प्लम आहे. फार टिकली नाही. दुसऱ्याच्या फळाशी तुलना करून आपलं फळ गोड लागत नाही.

तिसरी, दुसऱ्याने बनवायच्या आधी आपणच व्हिडिओ बनवायचा. २००९ मध्ये माइक पोक या इथल्या विनोदी कलाकाराने खोटी पर्यटन-जाहिरात करून इंटरनेटवर टाकली. ढगाळ आकाश, रिकामे रस्ते, आणि वर आनंदी चालीचं गाणं. लाखो लोकांनी पाहिली. गाव यावर दुभंगलं. तरुण मंडळी पोट धरून हसली, आणि शहराची प्रतिमा सुधारायला वर्षानुवर्षं झटणारे दुखावले. माझ्या ऑफिसात दोन सहकारी यावरून आठवडाभर बोलत नव्हते. मला दोघांचं पटत होतं. घरातल्या माणसाने घरावर हसणं यात माया असते, पण तो व्हिडिओ बाहेरच्यांनी पाहिला तो मायेशिवाय.

चौथी तऱ्हा म्हणजे आवाज चढवायचा. २०१० हे वर्ष इथे कुणी विसरत नाही. फेब्रुवारीत ‘फोर्ब्स’ने अमेरिकेतल्या सर्वांत दुःखी शहरांच्या यादीत क्लीव्हलंडला पहिलं स्थान दिलं. एप्रिलमध्ये शिकागो बुल्स या बास्केटबॉल संघाचा खेळाडू जोआकिम नोआ म्हणाला की सुट्टी घालवायला क्लीव्हलंडला निघालोय असं म्हणणारा माणूस त्याने ऐकलेला नाही. त्यानंतर त्याच्या हातात चेंडू आला की सगळं स्टेडियम हुर्यो करायचं. आणि जुलैत इथल्या बास्केटबॉल संघाचा तारा लेब्रॉन जेम्स, शेजारच्या ॲक्रनचा मुलगा, टीव्हीवर जाहीर करून मायामीला निघून गेला. तिन्ही गोष्टींचा पर्यटनाशी थेट संबंध नाही, पण पुढची चार वर्षं प्रवासलेख याच पार्श्वभूमीवर लिहिले गेले.

आणि एक तऱ्हा शांत आहे, ती मला सगळ्यांत आवडते. ‘चला, मी दाखवतो’ म्हणायचं. कामाच्या ठिकाणी नवीन माणूस आला की कुणीतरी त्याला शनिवारी गाडीत घालून फिरवतंच. मला माझ्या पहिल्या शनिवारी शेजारच्या आजींनी फिरवलं होतं.

डेट्रॉइटवर शेवटी गाडी का घसरते?

त्या २००९च्या व्हिडिओच्या दुसऱ्या भागात शेवटी ‘आम्ही डेट्रॉइट नाही’ असं येतं, म्हणून बाहेरच्यांना वाटतं की दोन गावांचं वैर आहे. वैर नाही. त्या काळात डेट्रॉइटची याहून वाईट दशा केली होती. छायाचित्रकार ओस पडलेली घरं, बंद कारखाने, भग्न मिशिगन सेंट्रल स्टेशन टिपायचे आणि माणूस चौकटीत येऊ द्यायचे नाहीत. क्लीव्हलंडमध्येही २००७च्या सुमाराला हेच झालं. गृहकर्जाच्या संकटात इथल्या स्लाव्हिक व्हिलेज भागातली घरामागून घरं जप्त झाली, आणि देशभरातून कॅमेरे आले. फळ्या ठोकलेल्या खिडक्यांचे फोटो निघाले; शेजारच्या घरात दिवा लावून राहणाऱ्या बाईचा फोटो कुणी काढला नाही. डेट्रॉइटचं ते स्टेशन दुरुस्त होऊन २०२४ मध्ये उघडलं तेव्हा माझे इथले मित्र आनंदाने बातमी एकमेकांना पाठवत होते.

लोकांना आवडलेलं असं काहीच नाही का?

आहे. टीव्हीवर खाण्याचे आणि प्रवासाचे कार्यक्रम करणारे शेफ अँथनी बोर्डेन २००७च्या सुमाराला चित्रीकरणासाठी आले होते, ते लोक अजून प्रेमाने आठवतात. त्यांनी सोबतीला घेतलं हार्वी पेकारना. पेकार आयुष्यभर सरकारी इस्पितळात फायली लावण्याचं काम करत राहिले आणि त्याच रोजच्या जगण्यावर कॉमिक्स लिहीत राहिले. अशा माणसासोबत फिरल्यावर शहर गुळगुळीत दिसणं शक्यच नव्हतं. ते सोकोलोव्स्कीजमध्ये जेवले, १९२३ पासून चाललेली पोलिश खाणावळ, हातात ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं. २०२० मध्ये ती कायमची बंद झाली आणि गावाला हळहळ वाटली. बोर्डेननी क्लीव्हलंडला सुंदर म्हटलं म्हणून तो भाग आवडला असं नाही. ते इथल्या माणसाजवळ बसले आणि त्याला बोलू दिलं, म्हणून.

लेखांत काय येत नाही?

कायाहोगाच्या पूर्वेकडचं बरंचसं शहर येत नाही. १९५० मध्ये इथे ९ लाख १४ हजार लोक होते, २०२० मध्ये ३ लाख ७२ हजार. कारखाने गेले, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, आणि मागे राहिलेल्या पूर्व भागात बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबं आहेत. देशातल्या सर्वांत गरीब मोठ्या शहरांत क्लीव्हलंडची गणना होते. ‘पुनरागमन’ लिहिताना हा भाग अडचणीचा होतो, म्हणून लेख त्याला वळसा घालतात. पूर्वेकडे लेखक जातात ते थेट युनिव्हर्सिटी सर्कलला, म्युझियमसाठी, आणि मधले पाच-सहा किलोमीटर गाडीच्या काचेतून मागे टाकतात.

त्याच वाटेच्या आसपास करामू हाउस आहे. १९१५ मध्ये सुरू झालेली ही संस्था देशातलं सर्वांत जुनं कृष्णवर्णीय नाट्यगृह समजली जाते. कवी लँगस्टन ह्यूज शाळेत होते ते याच शहरात. सुपरमॅन ज्या दोन शाळकरी मित्रांनी कल्पिला ते ग्लेनव्हिल भागातले. रॉकफेलर पार्कमध्ये ओळीने वेगवेगळ्या देशांच्या नावाच्या बागा आहेत, त्यात भारताचीही आहे आणि तिथे गांधीजींचा पुतळा आहे. संध्याकाळी तिथे शेजारपाजारचे लोक पोरांना घेऊन फिरत असतात. या बागा पाहायला पैसे लागत नाहीत.

गरिबी लपवू नका आणि तिचं प्रदर्शनही मांडू नका, एवढंच पूर्वेकडच्या लोकांचं मागणं मी वर्षानुवर्षं ऐकते आहे.

२०१६ नंतर फरक पडला का?

पडला. १९ जून २०१६ला इथल्या कॅव्हेलियर्स संघाने बास्केटबॉलचं एनबीए विजेतेपद मिळवलं, तेही सात सामन्यांच्या मालिकेत तीन-एक असे मागे पडून. लेब्रॉन २०१४ मध्ये परत आला होता. कुठल्याही मोठ्या खेळात शहराला ५२ वर्षांनी मिळालेलं ते विजेतेपद होतं. मिरवणूक निघाली २२ जूनला, म्हणजे नदीच्या आगीच्याच तारखेला, आणि तेरा लाख लोक आल्याचा अंदाज तेव्हा छापून आला. आम्ही सकाळी सातला गाडी लांब लावून चालत निघालो होतो. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, एक आजोबा रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून नुसते रडत होते. पुढच्याच महिन्यात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन इथे झालं आणि जगभरचे पत्रकार आले. त्याच वर्षी पर्यटन संस्थेने शहराच्या नावाची मोठी पांढरी अक्षरं तळ्याकाठी आणि इतर जागी उभी केली. आता तिथे फोटोसाठी रांग लागते, आणि रांगेत निम्मे लोक गावचेच असतात.

बेसबॉल संघाचं नाव बदलून ‘गार्डियन्स’ ठेवलं तेव्हाही बाहेरचे विचारत होते, कोण हे गार्डियन? गावाला विचारायची गरज नव्हती. १९३२च्या होप मेमोरियल पुलाच्या टोकांना दगडातले उंच रक्षक आहेत, त्यांच्यामधून जाऊनच लोक मैदानावर मॅचला पोहोचतात.

क्लीव्हलंड नक्की मिडवेस्टमध्ये येतं का?

मिडवेस्ट म्हणजे अमेरिकेचा उत्तर-मध्य भाग, आणि जनगणनेच्या हिशोबाने हो. इथली जमीन मात्र पूर्वी कनेक्टिकटच्या हक्काची होती, मधोमध न्यू इंग्लंडच्या गावासारखा चौक आहे आणि समोर ईरी तळं, ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. त्यामुळे मक्याची शेतं दाखवून ‘मिडवेस्ट’ लिहिलेलं लोकांना रुचत नाही. बरेच जण ‘ईशान्य ओहायो’ म्हणतात आणि विषय संपवतात.

हवा खरंच इतकी वाईट असते?

नोव्हेंबर ते मार्च आकाश करडं असतं, तळ्यावरून येणारा बर्फ पूर्वेकडच्या उपनगरांत जास्त पडतो. याबाबतीत लेख खरं लिहितात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत या.

मराठी माणसांचं, भारतीयांचं इथे काय आहे?

पार्माचं शिव-विष्णू मंदिर आहे, गणपतीत मराठी घरं एकत्र येतात. पण सगळ्यांत मोठी गोष्ट त्यागराज आराधनेची. १९७८ पासून दर वर्षी ईस्टरच्या सुमाराला इथे कर्नाटक संगीताचा महोत्सव भरतो, भारतातले नामवंत गायक-वादक येतात आणि पंचरत्न कृती शेकडो कंठांतून एकत्र म्हटल्या जातात. भारताबाहेरच्या मोठ्या संगीत महोत्सवांत तो गणला जातो. साल पुन्हा पाहा. ज्या वर्षी शहराने कर्ज बुडवल्याची बातमी देशभर गेली, त्याच वर्षी काही कुटुंबांनी इथे हा उत्सव सुरू केला. माझ्या फाइलमधल्या एकाही प्रवासलेखात त्याचा उल्लेख नाही.

आईबाबा येणार आहेत. काय दाखवू?

क्लीव्हलंड म्युझियम ऑफ आर्टपासून सुरुवात करा. प्रवेश मोफत आहे आणि तिथे चोळकालीन कांस्य नटराज आहे. माझे वडील त्याच्यासमोरच्या बाकावर तासभर बसून होते.

मग त्यांना फ्लॅट्स भागात नदीवर न्या, सेंटर स्ट्रीटच्या लाल पुलाजवळ. हा पूल वर उचलला जात नाही, दारासारखा बाजूला फिरतो. लोखंडाचा कच्चा माल घेऊन पोलाद कारखान्याकडे जाणारी जहाजं इथूनच जातात. सहाशे फुटांहून लांब जहाज, आणि नदी इतकी वाकडी की एका वळणाचं नावच ‘टक्करवळण’ आहे. आम्ही गेलो तेव्हा आधी भोंगा झाला, रस्त्यावर फाटक पडलं, पूल हळूहळू सरकला. मग जहाजाचं नाक दिसलं, आणि मग नुसतं जहाजच दिसत राहिलं, काठापासून इतकं जवळ की डेकवरच्या माणसाच्या हातातला कॉफीचा कप दिसत होता. त्याने हात हलवला. बाबांनीही हलवला. जहाज पूर्ण जायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ फाटकाशी थांबलेल्या एकाही गाडीने हॉर्न वाजवला नाही.

बाबांनी विचारलं, ‘हीच का ती पेटलेली नदी?’ मी हो म्हटलं. पाण्यावर वल्हवणाऱ्या मुलींची एक लांबट होडी जहाज जाण्याची वाट बघत काठाला टेकून थांबली होती. बाबा त्यांच्याकडे बघत म्हणाले, ‘उद्या परत येऊ. दुसरं जहाज किती वाजता येतं?’ जहाजांना ठरलेली वेळ नसते, म्हणून सोबत डबा घेऊन जा.